वर घर, खाली गॅरेज, मध्ये लिफ्ट

दहा फुटांच्या स्लॅबखाली वॅगनआर किती उचलता येते? हिशेब दोन मिनिटांचा आहे, पण पुष्कळ ठिकाणी तो लिफ्टचे पैसे भरून झाल्यावर मांडला जातो. दहा फूट हे बोलायचे माप. स्लॅबची जाडी आणि खालचा कोबा वजा केला की हातात साधारण २.९ मीटर उरतात. बीम मध्ये आला तर आणखी फूटभर गेले. वॅगनआरची उंची १.६७५ मीटर. म्हणजे टप छताला टेकेपर्यंत उचलली तरी चाके जमिनीपासून सव्वा मीटरपेक्षा वर जात नाहीत. बोलेरो आणली तर जेमतेम एक मीटर. लिफ्टच्या कॅटलॉगमध्ये मात्र १.८ किंवा १.९ मीटर उचल ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि गिऱ्हाईक त्या आकड्यावर भुलते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न छंदाचा नाही. अमेरिकेत घराच्या गॅरेजात लिफ्ट बसवणारा माणूस बहुधा जुन्या मोटारींचा शौकीन असतो. इथे भोसरी, चिखली, तळवडे, मोशी, थेरगाव या भागांत घरातले गॅरेज म्हणजे खाली गाळा आणि वर बिऱ्हाड. अर्ध्या किंवा एका गुंठ्याच्या प्लॉटवर बांधलेली ही घरे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्यांना नियमित होण्याची वाट दिली, पण प्लॉटची रुंदी कोणताही कायदा वाढवत नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; अर्ध्या गुंठ्यात घर बहुधा अठरा फूट रुंद निघते. त्यातून भिंती आणि बाजूचा जिना गेला की गाळ्याला चार मीटर उरतात. टू-पोस्ट लिफ्टला दोन्ही खांबांच्या बाहेरच्या बाजू धरून साधारण साडेतीन मीटर लागतात. उरलेल्या अर्ध्या मीटरमध्ये टूल ट्रॉली, कॉम्प्रेसर आणि माणूस.

या पट्ट्याला मोटार नवी नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात टेल्कोने पिंपरीत पाय रोवले. आकुर्डीत बजाज आली, बजाज टेम्पो आली. १९९५ मध्ये मर्सिडीजची पहिली भारतीय गाडी टेल्कोच्या आवारातच जुळली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही चाकणला गेली आणि पुढच्याच वर्षी महिंद्राचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांत गाडी माणसाच्या उंचीला आणून देतात. जुळणीच्या ओळीत बॉडी डोक्यावरच्या कन्व्हेअरला टांगलेली पुढे सरकते आणि कामगार ताठ उभा राहून खालचे बोल्ट आवळतो. तीच गाडी पाच-सात वर्षांनी क्लचप्लेटसाठी चिखलीच्या गाळ्यात येते, तेव्हा तिच्याखाली गोणपाट अंथरून माणूस पाठीवर झोपतो. जॅक, दोन घोड्या, तोंडावर गळणारे ऑइल आणि छातीवर घेतलेला गिअरबॉक्स. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमधून किंवा बाहेरून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून निघालेली पोरे पंचविशीत हे काम हसत करतात. पस्तिशीत मान आणि कंबर हिशेब मागू लागतात. लिफ्ट घ्यायचे खरे कारण हे आहे. कामाचा वेग वाढतो, गिऱ्हाईकावर छाप पडते, ते सगळे नंतरचे.

लिफ्टच्या आधी खड्डा होता, अजूनही आहे. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा तीनच, दुसरी छत्रपती संभाजीनगरला आणि तिसरी नागपूरला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून आगारात बसच्या पोटाखाली जायचे म्हणजे पिटमध्ये उतरायचे. बससाठी तेच योग्य, कारण लांब आणि जड गाडी उचलण्यापेक्षा माणूस खाली जाणे सोपे. घरच्या गाळ्यात मात्र खड्डा विचार करून घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, एलपीजीही जड. दोन्ही खड्ड्याच्या तळाशी साचून राहतात आणि तिथे हँडलॅम्प फुटायला एक पाना पडणे पुरते. सीएनजी हलका असल्यामुळे वर जातो आणि स्लॅबखाली कोंडतो, म्हणजे गाळ्याला वरून हवा खेळायची सोय हवीच. त्यात पावसाळ्यात खड्ड्याला पाझर लागतो. वर घरात मुले झोपलेली असताना खाली पेट्रोल साचणारी जागा तयार करणे कोणत्याही बचतीला परवडणारे नाही.

१९२५ साली अमेरिकेतल्या मेम्फिस गावच्या पीटर लुनाती नावाच्या मेकॅनिकने गाडी उचलायचे यंत्र काढले. वर-खाली होणारी न्हाव्याची खुर्ची पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. जमिनीत गाडलेला एक जाड रॅम आणि त्यावर गाडी. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर अजून दिसते ती लिफ्ट याच घराण्यातली. धुण्यासाठी ती उत्तम, पण मधला रॅम नेमका गिअरबॉक्स आणि सायलेन्सरच्या आड येतो, आणि सिलिंडर जमिनीखाली असल्याने गळती कळते उशिरा. घरच्या गाळ्यासाठी तिचा विचार कोणी करू नये.

मग राहतात तीन. टू-पोस्ट, फोर-पोस्ट आणि सिझर.

फोर-पोस्टवर गाडी आपल्या चाकांवर उभी राहते. अलाइनमेंटसाठी छान, खांबांवरचा भारही सरळ खाली जातो. पण चाके काढायची तर वर वेगळा जॅक लागतो आणि जागा भरपूर खाते. अर्ध्या गुंठ्यात ती बसत नाही, विषय तिथेच संपतो.

खरी निवड टू-पोस्ट आणि मिड-राइज सिझर यांच्यात आहे, आणि ती स्लॅब ठरवतो. टू-पोस्टमध्ये पुन्हा दोन प्रकार. एकात दोन खांबांना जोडणारी केबल आणि होज वरून, आडव्या कमानीतून जाते. हिची उंची साधारण ३.६ मीटर, खाली जमीन मोकळी. दुसऱ्यात केबल खालून, जमिनीवरच्या पत्र्याखालून जाते, खांब २.८-२.९ मीटरचे, म्हणून ती दहा फुटी स्लॅबखाली कशीबशी उभी राहते. गाळेवाले बहुधा हीच घेतात. इथे एक गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. वरच्या कमानीच्या लिफ्टला आडवा दांडा आणि त्याला स्विच असतो. गाडीचा टप त्याला लागला की मोटर बंद पडते. खालून केबलच्या लिफ्टला वर काहीच नसते. बटण दाबून धरले की ती गाडीचा टप स्लॅबमध्ये घालेपर्यंत उचलत राहते. डिकी उघडी राहिली असेल तर त्याही आधी. म्हणून अशी लिफ्ट घेताना खांबावर लिमिट स्विच लावून मागावा, आणि खांबावर रंगाने खुणा कराव्यात: वॅगनआर इथपर्यंत, अर्टिगा इथपर्यंत, बोलेरो इथपर्यंत.

सिझर लिफ्ट अशा गाळ्यात बऱ्याचदा जास्त शहाणी ठरते, हे लेखकाचे स्पष्ट मत आहे. स्लॅब जर मीटर-सव्वा मीटरच उचलू देणार असेल, तर तेवढीच उचलणारी मिड-राइज सिझर घ्यावी. साधारण तीन टनांची क्षमता, रुंदी गाडीएवढीच, काम नसेल तेव्हा जमिनीला चिकटून बसते आणि वरून गाडी आत-बाहेर करता येते. ब्रेक, टायर, शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्म, बुश अशी रोजची कामे चाकांच्या स्टुलावर बसून होतात. तिची अडचण मधोमध आहे: कात्री गाडीच्या पोटाखाली असल्याने सायलेन्सर आणि गिअरबॉक्सपर्यंत हात नीट पोचत नाही. ज्याच्याकडे दिवसाआड क्लचचे काम येते त्याला ती पुरणार नाही. ज्याच्याकडे सर्व्हिसिंग आणि सस्पेन्शन जास्त, त्याने टू-पोस्टच्या रुबाबापायी रुंदी गमावू नये.

स्लॅबनंतर जमीन. लिफ्टच्या निवडीत सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त घात करणारी बाब ही आहे.

टू-पोस्टचे बळ खांबात दिसते, पण ते असते बोल्टमध्ये. गाडीचे वजन खांबाच्या बरोबर वर नसते. ते खांबापासून पुढे आलेल्या आर्मच्या टोकावर असते. त्यामुळे प्रत्येक खांब सतत आतल्या बाजूला, गाडीकडे कलायला बघतो आणि बाहेरच्या बाजूचे अँकर बोल्ट त्याला जमिनीतून ओढून धरतात. त्यात मेकॅनिक कधी लोखंडी पाइप लावून गंजलेला बोल्ट सोडवतो, कधी गिअरबॉक्स हिसके देऊन बाहेर काढतो. तो सगळा झटका त्याच बोल्टना आणि ते ज्यात रुतले आहेत त्या काँक्रीटला बसतो. चार टनांच्या लिफ्टसाठी बनवणारे साधारणपणे किमान सहा इंच जाडीचे, एम-२५ प्रतीचे किंवा त्याहून चांगले काँक्रीट मागतात. गुंठेवारीतल्या घराची जमीन कशी असते? खाली सोलिंग, त्यावर दोन-तीन इंचांचा कोबा, फार तर वर शहाबादी. कोब्यात ठोकलेला अँकर बोल्ट पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. दोन टनांची गाडी रोज चढ-उतार करू लागली की तो भोवतालचा शंकूसारखा तुकडा घेऊन उपटून येतो.

चाकण-मोशीकडे आणखी एक भानगड आहे. वरच्या थरात काळी माती, खाली मुरूम, त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर ओतलेला स्लॅब वर्षातून दोनदा हलतो. दोन खांबांखाली तो सारखा हलला तर ठीक, पण एका खांबाखाली नवा भराव आणि दुसऱ्याखाली जुना मुरूम असेल तर लिफ्ट एका बाजूला झुकायला लागते. म्हणून खांबाच्या जागी सुमारे चार फूट बाय चार फुटांचा कोबा फोडून मुरूम लागेपर्यंत खणायचे, सळईची जाळी टाकायची, आणि दोन्ही खांबांसाठी एकच सलग पट्टा ओतायचा. मग २८ दिवस पाणी मारत थांबायचे. लिफ्ट दारात येऊन पडलेली असताना हे २८ दिवस कोणाच्याही जिवावर येतात, पण काँक्रीटला घाई कळत नाही.

निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांची गोष्ट वेगळी. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आखीव प्लॉट पाडले गेले; तिथे रुंदीची चणचण कमी. अलीकडे तिथल्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हौसेसाठी लिफ्ट बसवू पाहणारेही दिसतात. पण बंगल्याच्या पार्किंगखाली बहुतेक वेळा पाण्याची टाकी असते. कोपऱ्यातले लोखंडी झाकण दिसते, टाकी कुठवर पसरली आहे ते दिसत नाही. तिच्यावरचा स्लॅब उभ्या गाडीचे वजन चार चाकांवर घेण्यासाठी बांधलेला असतो. दोन खांबांच्या बुडाशी येणारा ताण घेण्यासाठी नाही. शिवाय अँकरसाठी पाडलेले भोक टाकीत उतरले तर पिण्याच्या पाण्यात सिमेंट आणि ग्रीस. बांधकामाचा मूळ नकाशा काढणे, तो नसेल तर टाकी रिकामी करून आतून माप घेणे, एवढे तरी करावेच. आणि पेव्हर ब्लॉकवर लिफ्ट कधीच बसवू नये, मग बसवणारा कितीही खात्री देवो.

वजनाचा प्रश्न तुलनेने सोपा. अल्टो सातशे-साडेसातशे किलोंची, इनोव्हा क्रिस्टा पावणेदोन-दोन टनांची, फॉर्च्युनर त्याहून थोडी जास्त. चार टनांची लिफ्ट घरच्या गाळ्याला पुरून उरते. पण भार चार आर्मवर सारखा कधीच नसतो. पुढून ओढणाऱ्या गाड्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, म्हणून पुढे जड. इंजिन उतरवले की त्याच गाडीचे वजन मागे जाते आणि नीट बसलेली गाडी मागच्या बाजूला कलू शकते. असे काम असेल तेव्हा मागे उंच घोडी लावल्याशिवाय बोल्ट सोडू नयेत. पॅडही महत्त्वाचे. स्विफ्टसारख्या गाडीला दाराखालच्या पट्टीवर ठरलेल्या जागी पॅड लागतो. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ क्लासिक चॅसिसवर उचलावी लागते, त्यासाठी उंच अडॅप्टर लागतात. ते लिफ्टबरोबर मागून घ्यावेत. लाकडाचा ठोकळा सरकवून काम भागवण्याची सवय कित्येक गॅरेजांत आहे. तेलकट लोखंडावर लाकूड निसटते.

आता लॉक. लिफ्ट वर जाताना दोन्ही खांबांतून खाड-खाड-खाड असा आवाज येतो. खांबाच्या आत पोलादी पट्टीला ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली एक जीभ प्रत्येक खाचेवरून जाताना आत पडते. गाडी हव्या त्या उंचीला नेली की बटण सोडायचे, आणि लिव्हर दाबून गाडी थोडी खाली घ्यायची, दोन्ही जिभा खाचेत बसेपर्यंत. आता वजन तेलावर नाही, पोलादावर आहे. हा शेवटचा इंचभर उतार घाईत टाळला जातो. गाडी वर दिसते, हलत नाही, मग लॉकचे काय? पण तेलाचे सील झिजते, होज फुटतो, केबल ताणते, आणि हे सगळे आधी सांगून होत नाही. कान दोन्ही खांबांकडे हवा: एकाच बाजूने आवाज आला तर काम थांबवायचे.

कमी उंचीच्या गाळ्यात याला एक जास्तीची गाठ आहे. काही लिफ्टची पहिली खाचच बरीच वर असते. स्लॅबमुळे गाडी मीटरभरच उचलायची आणि पहिली खाच त्याच्या आसपास, तर नेमक्या कामाच्या उंचीला लॉक मिळत नाही. गाडी सबंध वेळ तेलावर लटकते. म्हणून क्षमतेआधी आणि किमतीआधी विचारायचे, पहिले लॉक किती उंचीवर आणि पुढची खाच किती अंतरावर. हे सांगता येत नसलेल्याकडून लिफ्ट घेऊ नये. परदेशात या यंत्रांसाठी स्वतंत्र मानके आहेत, युरोपात ईएन १४९३ आणि अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटची. त्यांचा शिक्का असलेली लिफ्ट महाग पडते. परवडत नसेल तर निदान त्यांत पाळल्या जाणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासता येतात: दोन्ही खांबांना आपोआप पडणारे लॉक, आर्मला आपोआप बसणारा अडसर, केबल तुटली तर पकडणारी सोय, बटण सोडताच थांबणारी मोटर.

विजेची बाब थोडक्यात. मोटर साधारण २.२ किलोवॉटची, थ्री-फेजवर सुखाने चालते. घरगुती सिंगल-फेज जोडणी असेल तर तशी मोटर मागता येते, पण वर्षानुवर्षे चालवायची असेल तर महावितरणकडे भार वाढवून घेणे बरे. वरच्या घरातले दिवे मिचमिचणार नाहीत. गाडी वर आणि वीज गेली, असे झाल्यास हाताने खाली घ्यायची सोय कुठे आहे, हे बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून दाखवून घ्यावे. भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी देखभालीसाठी वीजही जाते आणि सुट्टीवरचा कामगार गाडी घेऊन गॅरेजातही त्याच दिवशी येतो.

सेकंडहँडचा मोह मोठा आहे. नवी टू-पोस्ट दीड-दोन लाखांच्या घरात जाते, जीएसटी आणि काँक्रीट वेगळे, आणि जुनी निम्म्यात मिळते. कुदळवाडीच्या भंगार बाजारात कारखान्यातून निघालेले जवळपास काहीही सापडायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली आणि माल आसपास पांगला. जुनी लिफ्ट घ्यायचीच असेल तर रंगाकडे बघू नये, नवा रंग हे सावध होण्याचेच कारण. आर्म पूर्ण बाहेर काढून त्याचे टोक वर-खाली हलवून पाहावे. आर्मच्या बुडाशी पुन्हा मारलेले वेल्डिंग दिसले तर तिथूनच परत फिरावे. लॉकच्या जिभेची कड गोल झाली आहे का, केबलची एखादी तार बाहेर आली आहे का, क्षमता लिहिलेली पाटी जागेवर आहे का, हे हाताने चाचपून पाहायचे. स्क्रूवर चालणारी जुनी लिफ्ट असेल तर आतल्या पितळी नटची झीज मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाडी फक्त लावण्यासाठी उचलायची असेल, म्हणजे एकावर एक, तर तो वेगळा धंदा आहे. जर्मनीच्या क्लाउस आणि वोहर या पार्किंग कंपन्यांचा भारतातला कारभार पुण्यातूनच चालतो, आणि वाकड-रावेतच्या सोसायट्यांत स्टॅक पार्किंग सर्रास दिसते. बंगल्यात तशी लावायची तर उंचीचा तोच हिशेब दोन गाड्यांसाठी मांडावा लागतो: दोन साध्या हॅचबॅक आणि मधला प्लॅटफॉर्म मिळून सव्वातीन मीटर. शिवाय वरची गाडी काढायला आधी खालची बाहेर काढावी लागते, हे दोन भावांच्या घरात आधी बोलून घेतलेले बरे. दुचाकीच्या गॅरेजची गोष्ट सुटसुटीत. पायाने दाबायचा हायड्रॉलिक रॅम्प पल्सर कमरेइतकी उचलतो, त्याला ना काँक्रीट लागते ना वीज, आणि पाठ मात्र तितकीच वाचते.

आज घेतलेली लिफ्ट दहा-पंधरा वर्षे चालावी अशी अपेक्षा असते, आणि त्या काळात गाळ्यात काय येईल याचा अंदाज चाकणच देतो. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या, त्या चाकणलाच बनतात. वजन दोन टनांच्या आसपास, आणि पोटाखाली पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत बॅटरी. अशा गाडीला पॅड कंपनीने दाखवलेल्या जागीच लावावे लागतात. जरा आत सरकला तर भार बॅटरीच्या खोक्यावर येतो. मिड-राइज सिझर इथे अडचणीची, कारण तिचा पृष्ठभाग नेमका बॅटरीखाली येतो. बॅटरी उतरवायची झाली तर ती टेबल लिफ्टवर खाली घ्यावी लागते, आणि ते चाकांचे टेबल गाडीखाली सरकवायला दोन खांबांमधली जमीन सपाट हवी. खालून केबल नेणाऱ्या लिफ्टचा पत्रा तिथेच आडवा पडलेला असतो. वरच्या कमानीची लिफ्ट हवी तर बारा-तेरा फूट उंची पाहिजे. विजेवरच्या गाड्यांचे काम करायचे मनात असलेल्याने म्हणूनच नवे घर बांधताना तळमजल्याची उंची स्लॅब पडण्याआधी ठरवावी; आर्किटेक्टला लिफ्टचे माप कागदावर द्यावे आणि खांबांच्या जागी काँक्रीटचा पट्टा जोत्याच्या कामातच ओतून घ्यावा. लिफ्ट नंतर चार वर्षांनी आली तरी चालते.